हिवाळेंची बासष्टावी माय

माझं नाक सध्या हिवाळे भाऊंच्या मोबाईलमध्ये आहे. ज्या नाकावर मी जन्मात माशी बसू दिली नाही, ते तिथं आमच्या वॉचमनच्या आणि कँटीनवाल्या मावशींच्या नाकांशेजारी पडलंय. हैदराबादहून बियाणं बघायला आलेल्या एका साहेबांचंही नाक त्यात आहे, अन् त्या बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नाही. नाकांची वेगळी फाइल, कानांची वेगळी, कपाळांची वेगळी. हनुवट्या कमी पडतात, असं ते म्हणायचे आणि माझ्या हनुवटीकडे बघायचे.

नाक घ्यायची त्यांची रीत अशी, की तुम्ही कामात असता आणि पाठीमागून आवाज येतो, “ताई, जरा खिडकीकडं बघा. बास. हालू नका.” मी पहिल्यांदा अशी दचकले की हातातला ट्रे सटकला आणि कपाशीच्या दोनशे बिया टेबलाखाली पसरल्या. हिवाळे ढिम्म. मोबाईलवर बोट फिरवत म्हणाले, “नाक बराबर आलं बघा. बिया मी येचून देतो, तुम्ही बसा.”

जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीच्या लॅबमध्ये आम्ही दोघं काम करतो. मी बावीस वर्षं, ते माझ्याही आधीपासून. ओल्या कागदात बिया गुंडाळून ठेवायच्या, दिवस भरले की कागद उलगडायचा आणि मोजायचं : किती उगवल्या, किती वाकड्या आल्या, किती मेल्या. माणूस कंटाळून मरावा असं काम. पण हिवाळे भाऊ मोजणीत कधी एका बीनं चुकले नाहीत. सत्तावन्न वर्षांचा माणूस, अंगानं काडी, बोलायला बसला तर दिवसभरात चार वाक्यं, आणि त्यातली दोन अशी की ऐकणाऱ्याला वाटावं, याचं डोकं फिरलंय.

चित्रं ते मोबाईलवर बोटानं काढतात. मोबाईल त्यांच्या मुलीनं वापरून टाकून दिलेला. आता आमच्या जालन्याचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक असेल तर ठीक, नसेल तर सांगते, बोटाला इतका घाम येतो की काच त्याला ओळखतच नाही. म्हणून हिवाळे खिशात पावडरचा डबा ठेवतात. लहान मुलांना लावतात ती पावडर. चित्राला बसायच्या आधी उजव्या हाताचं पहिलं बोट डब्यात बुडवायचं, फुंकर मारायची, मग सुरू. हजेरीच्या रजिस्टरवर त्यांच्या सहीपाशी पांढरा ठसा असतोच. नवीन आलेल्या मॅनेजर साहेबांनी एकदा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, “मॅडम, हे काही... घेतात का?” मी म्हटलं, “हो, नाकं घेतात.” साहेब पुढचे दोन दिवस माझ्याशीही जपून बोलत होते.

दुसरी खोड दोन बोटांची. त्यांच्या त्या अ‍ॅपमध्ये काचेवर दोन बोटांनी टकटक केलं की शेवटची रेघ पुसली जाते. परत टकटक, त्याच्या आधीची जाते. या माणसाला ती सवय इतकी लागली, की साहेब ओरडले की टेबलावर दोन बोटं टकटक. कँटीनमध्ये भाजी खारट लागली, ताटाच्या कडेवर टकटक. एकदा माझी चप्पल तुटली तर त्यांनी चपलेजवळ वाकून टकटक केलं. मी अशी तापले! म्हटलं, “भाऊ, चांभार बोलवा, चेष्टा कसली करता?” ते ओशाळले. म्हणाले, “ताई, चेष्टा न्हाई हो. हात आपोआप जातो.”

मी एकदा विचारलं, कागद-पेन्सिल घेऊन का नाही बसत? तर म्हणाले, “कागदावर येकच जागा धा खेपा पुसली की खड्डा पडतो. ह्याच्यात कितीबी पुसा. लेयर म्हंजे वरचा पापुद्रा, तो बदला, नाक तेच ठेवा, डोळे काढून टाका. कुनी तक्रार करत न्हाई.”

सांगायचं राहिलं. हा माणूस एवढं सगळं पुसतो आणि काढतो, तो एकच चेहरा. दुसरं काहीच नाही. त्यांच्या आईचा.

हिवाळेंची आई गयाबाई गेली, तेव्हा ते दहा महिन्यांचे होते. अंबड तालुक्यातल्या एका खेड्यात दुसऱ्याच्या रानात मजुरी करणारी बाई. तिचा फोटो कोण काढणार? वडिलांचा निदान मतदार ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला आहे. वडिलांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्यातल्या वर्षश्राद्धाला म्हणा, मी एकदा हिवाळेंच्या घरी गेले होते. मेणबत्त्या लावलेल्या, बुद्धाच्या मूर्तीसमोर फुलं, खाली दोन खुर्च्या. एका खुर्चीवर वडिलांचा हार घातलेला फोटो. दुसरीवर तेवढीच फ्रेम, तसाच हार आणि आत पांढऱ्या कागदावर नुसतं नाव : कालकथित गयाबाई. त्रिशरण-पंचशील म्हणताना सगळे हात जोडून पुढं बघत होते. हिवाळे त्या कागदाकडे बघत होते. बाई जगली, राबली, दोन लेकरं केली आणि मागं राहिला तो एक कोरा कागद.

तिचं तोंड पाहिलेलं एकच माणूस शिल्लक आहे, हिवाळेंची थोरली बहीण अक्का. ती परतूरला राहते. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हिवाळे पॅसेंजरनं परतूरला जाणार, नवा चेहरा अक्काला दाखवणार आणि अक्का म्हणणार, “न्हाई रं आबा. ही न्हाई आपली माय.” सोमवारी लॅबमध्ये आले की मी विचारायच्या आधीच सांगायचे, “बराबर झाल्तं ताई, पन ती न्हाई.” हे त्यांचं पालुपद. बी उगवलं पण वाकडं निघालं तरी तेच. “बराबर हाय, पन ती न्हाई.”

पाच वर्षं हे चाललं. साठ चेहरे झाले आणि एकही आई नाही. आणि त्यातच गेल्या साली अक्काच्या साखरेनं डोळ्यांना हात घातला. एक डोळा गेलाच, दुसऱ्याचीही खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून हिवाळेंच्या जिवाला चैन नाही. “ताई, अक्काची नजर चाललीय. ती हाय तवर झालं तं झालं. मंग कुनाला दाखवू?” जेवायच्या सुट्टीत डबा तसाच, आणि हा माणूस पांढरं बोट घेऊन काचेवर घासतोय. आईचा रंग सावळा होता, एवढं गावातलं कुणीतरी म्हातारं सांगून गेलेलं. तर पाऊस पडल्यावर काळ्या रानाचा फोटो काढून आणला आणि त्यातून रंग उचलून तिच्या गालाला लावला. त्या महिन्यातही परतूरहून तेच उत्तर.

मध्ये एक भलताच प्रकार झाला, तो सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

आमच्या प्लँटचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. शिफ्टच्या वेळा, वाढदिवस आणि सकाळी सकाळी फुलं, एवढाच त्याचा उपयोग. एक दिवस हिवाळेंनी चित्र अक्काच्या मुलाला पाठवायचं म्हणून पाठवलं, ते गेलं ग्रुपवर. पदर घेतलेल्या बाईचा चेहरा, खाली एक अक्षर नाही. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे ग्रुपवर कुणा बाईचा नुसता फोटो पडला तर लोक काय समजतात? पहिल्या मिनिटाला स्टोअरवाल्यानं टाकलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मग काय, रांगच लागली. कोण गेलं हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. हात जोडलेले, फुलं, पणत्या, ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’.

आणि त्या चित्राला नाक माझं होतं! मॅनेजर साहेबांनी लिहिलं, ‘धक्कादायक. मॅडम कडक होत्या, पण मनाच्या चांगल्या होत्या.’ मी त्या दिवशी रजेवर, घरी पापड लाटत बसलेले. कुणीतरी कळवलं असणार, धाकट्या दिरांचा फोन आला. मी उचलला, तर पलीकडे नुसतं “अं... अं...” शेवटी म्हणाले, “वहिनी, तुम्हीच बोलताय का?” म्हटलं, “मग काय माझं भूत बोलतंय?” तर खरंच त्यांना तसंच वाटलं होतं.

ग्रुप उघडून बघितला आणि तशीच पिठाच्या हातानं रिक्षा करून प्लँटवर गेले. हिवाळे खिडकीपाशी बसलेले, मोबाईल हातात. मी तोफ डागली, “भाऊ, आधी डिलीट करा ते! माझ्या घरी रडारड सुरू झालीय!” ते म्हणाले, “थांबा ना ताई. अजून येऊन राह्यलेत.” मी म्हटलं, “काय येऊन राहिलंय?” त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. बोटानं एकेक ओळ वर सरकवत होते आणि प्रत्येक नाव मोठ्यानं वाचत होते. हमालांची नावं, ड्रायव्हरांची, ऑफिसातल्या पोरींची. “माय गेली तवा मातीला चारच मानसं व्हती म्हनत्यात. आज बघा किती आले.”

मी पिठाचे हात पदराला पुसले आणि बसले तिथंच. संध्याकाळपर्यंत मी मेलेलीच राहिले. मॅनेजर साहेबांना मात्र दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं की कडक होते नाही, अजून आहे.

आता माझ्या अकलेचा भाग. आमच्या सासूबाई म्हणायच्या, हिच्या जिभेला हाड नाही. मला तेव्हा राग यायचा. आता येत नाही.

हिवाळेंकडे कंपनीची एक जुनी डायरी आहे. अक्का जे जे सांगेल ते तारखेवार त्यात लिहिलेलं. एकदा ते मोजणीत होते तेव्हा मी ती चाळली. चैत्रात अक्का म्हणाली, नाक बसकं होतं. पोळ्याच्या महिन्यात म्हणाली, नाक सरळ. एकदा कपाळ लहान, पुढच्या खेपेला मोठं. एकदा गोंदण हनुवटीवर, एकदा गोंदणच नव्हतं. अहो, आमच्या लॅबमध्ये एकाच लॉटचे दोन रिपोर्ट असे निघाले तर आख्खा लॉट परत जातो. मला त्या म्हातारीचा असा संताप आला! इथं हा माणूस उन्हात, घामात, डोळे फोडून एकेक भुवई काढतोय आणि ही तिकडं बसून खेळ करतेय?

त्या महिन्यात परतूरला माझ्या नणंदेच्या सुनेचं डोहाळजेवण होतं, तेही रविवारीच. हिवाळेंना म्हटलं, “चला, मीही येते. अक्कांना भेटू तरी द्या.” ते इतके खूश झाले की दोघांसाठी खिडकीची जागा धरायला तासभर आधी स्टेशनवर जाऊन बसले. एकसष्टावा चेहरा होता तो. खरं सांगते, फार सुंदर उतरला होता. डोळे असे, की आत्ता काहीतरी विचारतील.

मोंढ्याच्या मागं एका खोलीत अक्का एकटी राहते. मुलगा पुण्याला, गाडीवर ड्रायव्हर. आम्हाला बघून भिंत धरत दारापर्यंत आली. “आलास का आबा? सकाळधरनं वाट बघून राह्यले. जेवून आल्तास का तसाच?” आधी हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. मग उंबऱ्यात उजेडाला बसली आणि म्हणाली, “आन बघू.”

हिवाळेंनी मोबाईल तिच्या हातात दिला. तिनं डाव्या हातात तो धरला, आणि उजव्या हातानं भावाचं मनगट. किती वेळ तशीच बसली. मी बाजूला बसून बघत होते. म्हातारीचा तो एक डोळा मोबाईलवर क्षणभर जायचा आणि परत भावाच्या तोंडावर यायचा. मग तिनं मान हलवली. “न्हाई रं आबा. ही न्हाई.”

हिवाळेंचा चेहरा पडला. ते म्हणाले, “च्या ठेव अक्का, मी दूध घेऊन येतो,” आणि बाहेर गेले.

मी गप्प बसायला हवं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी डायरीतलं सगळं घडाघडा बोलून दाखवलं. नाक, कपाळ, गोंदण, महिन्यांसकट. म्हटलं, “अक्का, नक्की कशी होती तुमची आई?”

अक्का पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “बाई, मी सात वर्षांची व्हते. मला न्हाई आठवत.”

“म्हणजे?”

“बिलकुल न्हाई आठवत. पयल्यापसून. तिच्या हाताला कांद्याचा वास यायचा, येवढंच. तोंड न्हाई दिसत.”

“मग पाच वर्षं त्यांना का फिरवलंत? आधीच सांगायचं नाही का?”

“काय सांगू? हो म्हनले असते तं फोटो लावला असता खुर्चीवर, आन् झालं. मंग ह्यो कशाला आला असता दर महिन्याला?” तिचा आवाज बारीक झाला. “आधी चार-चार वर्सं यायचा न्हाई. लग्नकार्याला भेटायचा. पोराचा फोन येतो, गोळ्या घेतल्या का म्हनतो, ठेवतो. ह्यो येतो, बाजूला बसतो. मला इचारतो. मला कोन काय इचारतं आता?”

मी मान वर केली, तर दारात हिवाळे उभे होते. हातात दुधाची पिशवी. किती ऐकलं, ते तोंडावरच दिसत होतं. अक्कानंही बघितलं. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

हिवाळे आत आले. पिशवी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, “दूध आनलंय. च्या टाक.”

तिनं चहा टाकला. आम्ही तो प्यालो. डोहाळजेवणाला मी गेले नाही, नणंद अजून बोलत नाही माझ्याशी. परतीच्या गाडीत हिवाळे खिडकीबाहेर बघत होते. जालना जवळ आलं तेव्हा एकदाच बोलले. “मीच येडा, ताई. सात वर्षांच्या लेकराला काय आठवनार?”

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. हिवाळेंनी चित्र काढणं बंद केलं. पावडरचा डबा खिशातून गेला, बोट इतर बोटांसारखं दिसायला लागलं. रजिस्टरवरची सही स्वच्छ. जेवायच्या सुट्टीत मोबाईल उलटा ठेवून डबा खायचे, आणि त्यांना तो गिळताना बघून मला माझा घास जायचा नाही. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांच्या मोजणीत चूक निघाली. मेलेल्या बिया उगवलेल्यांत धरल्या होत्या. मी गुपचूप दुरुस्त केल्या. पुढच्या महिन्याचा पहिला रविवार आला, ते परतूरला गेले नाहीत. त्याच्या पुढचाही गेला. मी घरात पोळ्या लाटत होते आणि डोळ्यांपुढं ती उंबऱ्यात बसलेली म्हातारी. गुळाचा खडा फडक्यात बांधून ठेवला असेल तिनं. एका बाईनं पाच वर्षं जपून जपून राखलेली गोष्ट मी चहा उकळायच्या आत मोडली होती. खरं बोलले म्हणून काय झालं? त्या खऱ्याचं कुणाला काय करायचं होतं?

घरी सांगितलं तर हे म्हणाले, होईल सगळं ठीक. काही ठीक होत नसतं. माझ्या आईचे माझ्याकडे शेकड्यांनी फोटो आहेत, लग्नाच्या अल्बमापासून दवाखान्यातल्या खाटेपर्यंत. त्यातला एकही मी ती गेल्यापासून उघडून बघितलेला नाही. त्या आठवड्यात एक उघडला आणि बंद केला.

तिसऱ्या महिन्यात, रविवारी सकाळी, मुलगी यायची होती म्हणून मी जालना स्टेशनवर गेले होते. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर हिवाळे बसलेले. शेजारी स्टीलचा डबा, फडक्यात बांधलेला. मला बघून जरा सरकले. मी बसले. माझी जीभ पहिल्यांदाच जागेवर होती.

त्यांनीच मोबाईल काढला आणि माझ्यापुढं धरला. नवा चेहरा. बासष्टावा. डोळे जरा मोठे, पदर कपाळावर ओढलेला.

“परतूरला?” मी विचारलं.

“हो. अक्काला दाखवायला.”

“भाऊ, अहो... तुम्ही ऐकलंत ना त्या दिवशी?”

“सगळं ऐकलं.”

“मग ती काय सांगणार आता तुम्हाला?”

हिवाळेंनी मोबाईल खिशात घातला. गाडीची घोषणा झाली तसे डबा घेऊन उठले.

“माय तं गेलीच, ताई,” ते म्हणाले. “तिचं तोंड आता कुनाजवळच न्हाई. अक्का हाय अजून. ती बघंल आन् न्हाई म्हनंल. मंग मी म्हनंन, पुढच्या महिन्यात येतो.”